कोंबडा छाप ग्लास

बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर काचा लावल्या आहेत. त्यात नवल काही नाही. त्या काळी अख्ख्या गल्लीतल्या भिंतींवर काचा असायच्या, चोरानं उडी मारू नये म्हणून. पण बाकीच्यांच्या भिंतींवर औषधाच्या नाहीतर सोड्याच्या फुटक्या बाटल्या, आणि आमच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याचा जीव. हे मी रडत सांगत नाहीये. रडणं केव्हाच संपलं. राग मात्र आहे, आणि तो मी नीट जपून ठेवलाय.

मी बेळगावची. पन्नास सालच्या सुमाराला लग्न होऊन बेंगळुरात आले. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेली. घरात मराठीच, पण कसलं मराठी ते! थोड्याला कानडी ‘स्वल्प’, ‘बरं’ला ‘सरी’. ‘स्वल्प मीठ घाल गं’, ‘सरी, येतो मी’. सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. थोरल्या दिरांना सगळे अण्णा म्हणत आणि जावेला अक्का. सासू-सासरे नव्हते, अण्णाच घरातले कर्ते. सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर होते. कपाळाला गंध, संध्या कधी चुकायची नाही, आणि दरारा असा की घरातलं मांजरसुद्धा त्यांच्यासमोरून जाताना अंग चोरायचं.

आमचे हे अगदी उलट. कॅन्टोन्मेंटात एका लिलाववाल्याच्या दुकानात कारकून होते. इंग्रज लोक गाशा गुंडाळून निघून गेले होते, मागे राहिलेले हळूहळू निघत होते, आणि त्यांच्या बंगल्यांतलं सामान त्या दुकानात येऊन पडायचं. पियानो, आरामखुर्च्या, वाघाची कातडी, कुत्र्यांचे पट्टे. सगळं विकलं गेलं की तळाशी उरायचा भुसा, आणि भुशात एखादा एकटा ग्लास. जोडीचे फुटलेले, म्हणून त्याला कुणी हात लावायचं नाही. असाच एक ग्लास यांनी पहिल्यांदा घरी आणला. उंच, जाड बुडाचा, आणि पोटावर लाल कोंबडा, मान वर करून आरवणारा. त्याखाली कुठल्याशा विलायती कारखान्याचं नाव. मी विचारलं, “हे काय आणलंत?” तर म्हणाले, “बिअरचा ग्लास. पण तू कोंबडा बघ ना, तुरा कसा काढलाय!”

झालं, तिथून खूळ लागलं. कोंबड्यामागून नांगर आला, मग शिडाचं गलबत, मग सांबराचं डोकं, मग तीन कणसं एकत्र बांधलेली. आम्ही छापावरूनच नाव घ्यायचो, नांगर छाप, सांबर छाप. प्रत्येक छापाचा एकच ग्लास ठेवायचा, दुसरा मिळाला तरी आणायचा नाही, असा यांचा नियम. रविवारी हे मला घेऊन गुजरी बाजारात जायचे. जुन्या सामानाच्या त्या बाजारात नवरा-बायको मिळून फुटक्या काचा उपसतायत हे बघून भंगारवालेसुद्धा हसायचे. क्लबातले बटलर एखादा टवका गेलेला आणून द्यायचे. टवका गेलेला हे घ्यायचे नाहीत. डोळे मिटून ग्लासाच्या काठावरून बोट फिरवायचे आणि कुठं खडबड लागली तर परत द्यायचे.

मलाही शिकवलं त्यांनी. छाप वरून रंगवलेला असेल तर नख अडकतं, काच कोरून केलेला असेल तर बोटाला खळगा लागतो. वरच्या बाजूला मापाची बारीक रेघ असते, ती असली तर तो खरा दारूच्या दुकानातला, नसली तर कुणी तरी शोभेला विकलेला. टिचकी मारून ऐकायचं, तडा असेल तर आवाज बसका येतो. सोनेरी कड असलेल्याला चिंच लावायची नाही, राख तर नाहीच नाही, फक्त रिठ्याचं कोमट पाणी. आमच्या खोलीतल्या कपाटात वरचे दोन कप्पे भरले. संध्याकाळी तिरपं ऊन आत आलं की सगळे कोंबडे, नांगर, सांबरं भिंतीवर पडायची. आम्ही दोघं लहान पोरांसारखी बघत बसायचो. आम्हाला मूल नव्हतं. असो.

आणि हे सगळं करणारा माणूस पीत नव्हता. थेंबसुद्धा नाही. सोडा प्यायला तरी यांना ठसका लागायचा. त्या ग्लासांत यांनी कधी पाणीसुद्धा ओतू दिलं नाही. एकदा मी गंमत म्हणून ताक ओतायला निघाले तर हातातून ग्लास काढून घेतला. “भरला की छाप कुठं नीट दिसतो?” म्हणाले. अण्णा येता-जाता नाक मुरडायचे, “आचरटपणा नुसता”, पण कपाट आमच्या खोलीत आणि ग्लास स्वयंपाकघरात येत नाहीत म्हटल्यावर चालवून घ्यायचे.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. एका उन्हाळ्यात यांचे डोळे पिवळे झाले. मग नखं, मग सगळं अंग. अण्णाच घेऊन गेले डॉक्टरकडे, मीही मागोमाग गेले. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, पापणी खाली ओढली आणि सहज विचारलं, “पितात का?” असं विचारतातच डॉक्टर, त्यांचा काय दोष? पण अण्णांचा चेहरा बघायला हवा होता! “आमच्या घरात?” एवढंच म्हणाले. डॉक्टर म्हणत होता, मोठ्या इस्पितळात आजच न्या, वेळ घालवू नका. अण्णा यांचा दंड धरून बाहेर आले. मला म्हणाले, “इस्पितळात नेलं की तेही हेच विचारणार. उद्या गावभर होईल की यांच्या घरात दारूनं कावीळ झालेला माणूस आहे. माझ्या मुलींची लग्नं व्हायचीयत.”

मी पाया पडले. खरंच पडले, फरशीवर डोकं ठेवून. म्हटलं, अण्णा, हे पीत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे, मग भीती कशाची? अण्णा म्हणाले, “सरी, ऊठ आता. आनेकलला एकजण पाला देतो. त्याच्या हाताला गुण आहे.”

आनेकल वीसेक मैलांवर, तिथं बसनं नेलं. त्या उन्हात, धुळीत, उलट्या करत. पाला वाटून दुधातून दिला, मनगटाला तापल्या सळीनं डाग दिला, मीठ-तेल बंद केलं. पुन्हा नेलं, पुन्हा डाग. तिसऱ्यांदा न्यायची वेळ आली तेव्हा हे मला ओळखेनासे झाले होते. कपाटाकडे बघून काही तरी पुटपुटायचे, तेवढंच. इस्पितळ आमच्या घरापासून टांग्यानं जाण्याच्या अंतरावर होतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. पहाटे गेले.

दहाव्या दिवशी सगळे तळ्यावर गेलो. क्रिया पुतण्यानं, म्हणजे अण्णांच्या मुलानं केली. तो कॉलेजात होता तेव्हा. काठाशी पिंड मांडला. बायकांना वर पायऱ्यांपाशी बसवलं होतं. मला बांगड्या फोडायला आणलेलं, त्यामुळे मीही तिथंच. कावळा पिंडाला शिवला की माणूस सुटला. नाही शिवला तर काही तरी इच्छा राहिली आहे, ती ओळखून पुरी करतो म्हणायचं, ही आपली रीत.

कावळे होते. पिंपळावर ओळीनं बसले होते. पण शिवेनात. पिंडाभोवती घरचे, गल्लीतले, कचेरीतले असे सगळे रिंगण करून उभे, आणि एकेकजण आणखी पुढे सरून काही ना काही कबूल करत होता. तुझ्या बायकोला सांभाळू. तुझं वर्षश्राद्ध नीट करू. कुणी म्हणालं, चकलीची आवड होती, चकली ठेवा. कावळे जागचे हलले नाहीत. उन्हं वर आली.

मग अण्णा पुढे झाले. खांद्याला पिशवी होती. तिच्यातून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली. मग ग्लास काढला. वरूनसुद्धा मी ओळखला, कोंबडा छाप.

“त्याला काय हवंय ते मला माहीत आहे,” अण्णा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “घराची अब्रू म्हणून इतके दिवस तोंड उघडलं नाही. आता त्याला अडकवून ठेवणं बरं नाही.”

बूच उडालं. फेस ग्लासावरून उतू गेला. ज्या ग्लासात यांनी पाणीसुद्धा ओतू दिलं नव्हतं, त्यात पहिल्यांदा पडली ती ही बिअर. “शिव शिव!” म्हणत भटजी मागे सरले, आणि त्यांच्या मागोमाग सगळेच. सोवळ्यातली माणसं ती, शिंतोडा उडाला तर? धोतरं सावरत पार पायऱ्यांपर्यंत आली. अण्णासुद्धा ग्लास पिंडाशेजारी ठेवून बाजूला झाले. आणि कावळा उतरला. भातात चोच घातली, दोन घास घेतले, गेला.

सगळ्यांच्या तोंडून ‘अरेरे’ निघालं. तिथल्या तिथं निकाल लागला. माझा नवरा दारुडा होता, दारूनं मेला, कावळ्यानं साक्ष दिली.

अहो, पण मी वरून बघत होते ना! रिंगण फुटलं, जागा मोकळी झाली, म्हणून कावळा आला. इतका वेळ एवढी माणसं अंगावर आल्यासारखी उभी, कोण कावळा उतरेल त्यांच्यात? त्यानं भात खाल्ला. ग्लासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट, पण तिथं जमलेल्या एकाही शहाण्याला कळली नाही. आणि दुसरं, कावळा शिवणार नाही हे अण्णांना घरून निघतानाच कसं कळलं होतं? बाटली तर पिशवीत तयार होती! मी अक्काला तेवढंच विचारलं. अक्का म्हणाली, “गप्प बस. स्वल्प तरी लाज बाळग.” आणि माझा हात धरून बांगड्या दगडावर आपटल्या.

अण्णांनी असं का केलं, याचा मी पुढे खूप विचार केला. फार विचार करायला नको होता, उत्तर साधं आहे. हे काविळीनं गेले म्हटलं तर प्रश्न येतो की इस्पितळात का नेलं नाहीत. दारूनं गेले म्हटलं की कुणी काही विचारत नाही. ज्या नावाच्या भीतीनं भावाला मरू दिलं, तेच नाव त्याच्या पिंडावर ओतलं. मुलींच्या लग्नांचं काय झालं म्हणाल, तर झाली. मेलेला दारुडा काका कुणाला नडत नाही, उलट लोक म्हणतात, बिचाऱ्या अण्णांनी किती सोसलं.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, “ते ग्लास बाहेर काढ. तुझ्या हातानं काढ.” मी एकेक करून आणला. धुण्याच्या दगडापाशी अण्णा बसले होते, हातात वरवंटा. नुसते आपटले असते तर चुरा झाला असता, म्हणून ते गोणपाटात गुंडाळून बेतानं फोडत होते. मला तेव्हा कळलं नाही, इतकं बेतानं कशाला. नांगर छाप दिला. गलबत दिलं. सांबराच्या काठावरून मी एकदा बोट फिरवलं तर म्हणाले, “आण लवकर, नाटकं नकोत.” शेवटचा तळ्यावरून परत आणलेला कोंबडा, अजून आंबूस वासाचा. दुसऱ्या दिवशी गवंडी आला, आणि त्यानं ते तुकडे टोकं वर करून कंपाउंडच्या भिंतीवर चुन्यात बसवले. फाटकाशेजारच्या भागावर, सगळ्यांना दिसतील असे. कोंबड्याचा तुरा असलेला तुकडा अगदी कडेला होता. कुणी पाहुणा आला की अण्णा दाखवायचे, “आमच्या धाकट्याची कमाई.”

मी माहेरी गेले नाही. सगळ्यांना वाटलं होतं जाईन. मी त्याच घरात, त्याच खोलीत राहिले. नव्यानं वसत होतं त्या जयनगरात एका शाळेत शिवण शिकवायला जायला लागले, आणि पहिल्याच सुट्टीच्या दिवशी गुजरी बाजारात गेले. एकटी. भंगारवाल्यानं मला ओळखलं आणि पेटारा पुढे ढकलला. मी डोळे मिटून काठावरून बोट फिरवलं. घंटेचा छाप होता, कोरलेला, मापाची रेघ जिथल्या तिथं. पदराखाली झाकून नाही, उघडा हातात धरून बसमधून आणला. कुंकू नसलेली बाई हातात बिअरचा ग्लास घेऊन बसवनगुडीच्या चौकातून चालत येतेय! देवळाबाहेरच्या बायकांच्या माना कशा वळल्या ते मला आजही दिसतं. ग्लास मी रिठ्यानं धुतला आणि खिडकीत ठेवला, रस्त्याकडे छाप करून.

मग दुसरा आणला, तिसरा आणला. यांच्या दुकानातला म्हातारा लिलाववाला भुशातले एकटे ग्लास माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागला. मासा मिळाला, किल्ला मिळाला, हातात हात मिळवलेले दोन पंजे मिळाले. कोंबडा मात्र पुन्हा कधी मिळाला नाही. खिडकी भरली. अण्णांचा संताप व्हायचा. एकदा वरवंटा घेऊन दारापर्यंत आले. मी म्हटलं, “फोडा. पण या वेळी मी गल्लीत उभी राहून सांगेन, इस्पितळ किती लांब होतं ते.” वरवंटा खाली गेला. त्यानंतर दहाएक वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि त्यांनी माझ्या खिडकीकडे मान वर करून पाहिलं नाही.

साठचं दशक सरत आलं तेव्हा अण्णांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना मात्र इस्पितळात नेलं, त्याच दिवशी, मोटारीनं. महिन्याभरानं घरी आणलं ते जायच्याच तयारीचे. एका दुपारी अक्का मला बोलवायला आली. अण्णांचं अर्धं तोंड वाकडं झालं होतं, शब्द नीट उमटत नव्हते. पुतण्या उशाशी बसला होता, तो समजावून सांगत होता. अण्णा म्हणाले, “एकदा म्हण. तो पीत होता, म्हण.”

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं नव्हतं, मी ओळखते. साऱ्या गावानं मानलेलं, कावळ्यानं मानलेलं, आणि तरी माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय अण्णांना मरवत नव्हतं. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, “अण्णा, आनेकलची बस किती वाजता सुटायची हो?”

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दोन दिवसांनी गेले.

दहावा दिवस पुन्हा त्याच तळ्यावर. मी गेले. नेसायला कोरी साडी काढली होती. पिंड मांडला, आणि कावळा शिवेना. पिंपळ तोच, कावळे ओळीनं बसलेले, आणि पिंडाभोवती माणसांचं रिंगण, या वेळी तर कितीतरी मोठं, कारण अण्णा मोठे गृहस्थ. नातवंडांची लग्नं करू म्हणून झालं, अक्काला काशीला नेऊ म्हणून झालं. प्रत्येकजण एक पाऊल पुढे सरत होता. पुतण्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. शेवटी तो पायऱ्या चढून माझ्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत त्यानं हात जोडले.

“काकू, तुम्हाला माहीत आहे अण्णांचं काय राहिलंय ते. एवढं एकदा म्हणा. खोटं वाटत असलं तरी म्हणा. त्यांना सुटू दे.”

मी उठले, पायऱ्या उतरले आणि पिंडासमोर जाऊन उभी राहिले. मी काय म्हणते ते ऐकायला सगळे आणखी जवळ आले, अगदी अंगाला अंग लागेल असे.

“हे पीत नव्हते,” मी म्हटलं. “एक थेंबसुद्धा नाही.”

रिंगण जागचं हललं नाही. मी वर पिंपळाकडे पाहिलं. एक कावळा खालच्या फांदीवर येऊन मान तिरपी करून भाताकडे बघत होता, उतरायला जागा शोधत होता. ‘मागे सरा’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि तिथंच उभी राहिले.

ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळे थांबले. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला.